जुनी डिस्क कपाटात, नवी मशीनमध्ये

साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. जागेअभावी थोडं छाटून देतोय.

‘आमचा घरचा डेस्कटॉप २०१६ सालचा आहे. यंदा जूनमध्ये पावसात वीज सारखी ये-जा करत होती, तेव्हापासून तो बिघडला. सुरू केला की निळा पडदा येतो, मग “ऑटोमॅटिक रिपेअर” असं लिहून गोल गोल फिरत बसतो. चार वेळा प्रयत्न केला की एकदा उघडतो. उघडला तरी स्टार्टचं बटण चालत नाही, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. कधी कधी आतून टक् टक् असा आवाज येतो. पुण्याचा भाचा आयटीत आहे. तो म्हणतो, “मावशी, फॉरमॅट मारून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे. डी ड्राइव्हमधलं काही जात नाही.” इथला दुकानदार म्हणतो, “फॉरमॅटची गरज नाही, रिपेअर करून देतो, चार दिवस ठेवून जा.” मशीनमध्ये माझं आमच्या घराण्याच्या इतिहासाचं २१२ पानांचं हस्तलिखित आहे, श्रीलिपीत टाइप केलेलं. यजमान सोसायटीचे हिशेब टॅलीत ठेवतात, ते आहेत. आणि २००४ पासूनचे फोटो. कुणाचं ऐकू?’

बाई, आयुष्यभर शाळेत हीच हाक ऐकली असणार, म्हणून मीही तीच मारतो. आज कुणाचंच ऐकू नका. आधी मशीनचा पिन भिंतीतून काढा आणि मग पुढचं वाचा.

भाचा आणि दुकानदार, दोघंही खोटं बोलत नाहीयेत. भाच्याला अर्धा तास आहे म्हणून तो अर्ध्या तासाचा उपाय सांगतोय. दुकानदाराला मशीन दुकानात हवंय म्हणून तो चार दिवसांचा सांगतोय. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दोघांच्याही कानांवरून गेलेलं दिसतं. ते म्हणजे टक् टक्.

२०१६ च्या डेस्कटॉपमध्ये बहुधा फिरती हार्डडिस्क असते. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून, त्यांना न टेकता, एक बारीकसं वाचणारं टोक सरकत असतं. त्या टोकाला हवी ती जागा सापडली नाही की ते मूळ जागी परत येतं आणि पुन्हा शोधायला निघतं. तोच हा आवाज. सगळ्याच आवाजांचा अर्थ मरण असा होत नाही. कधी वायर ढिली असते, कधी वीजपुरवठा कमी पडत असतो. पण फोल्डर उघडायला पाच मिनिटं आणि वर टक् टक्, हे दोन्ही एकत्र असेल तर डिस्क आजारी आहे असंच धरून चालायचं.

आता दोन्ही सल्ले परत वाचा. आजारी डिस्कवर फॉरमॅट मारला तर नवं विंडोज त्याच खराब जागेवर जाऊन बसणार, आणि दोन महिन्यांत तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिणार. रिपेअर केलं तर ते बहुतेक वेळा डिस्क तपासण्यापासून सुरू होतं. ही तपासणी डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून काढते. निरोगी डिस्कला ते चालतं. आजारी डिस्कला हा दमा लागलेल्या माणसाला अजिंक्यतारा चढायला लावण्याचा प्रकार आहे. शिवाय ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ फिरताना तुम्ही कौतुकाने बघत बसता, तेव्हा आत हेच चाललेलं असू शकतं. म्हणून पिन काढायला सांगितला.

आता डी ड्राइव्हचं. हा गैरसमज आपल्याकडे इतका पसरलाय की त्यावर एक सबंध सदर लिहिता येईल. सी आणि डी या दोन डिस्का नसतात. बहुतेक घरगुती मशीनमध्ये डिस्क एकच असते आणि दुकानदाराने तिचे दोन भाग करून दिलेले असतात. एका खोलीत पडदा लावून दोन खोल्या केल्यासारखं. विंडोज पुन्हा घालताना फक्त सी पुसला तर डी राहतो, इथवर भाच्याचं बरोबर आहे. पण वरचं छप्पर गळायला लागलं की पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाणी येतं. आणि इन्स्टॉल करताना जी स्क्रीन समोर येते तिच्यात सी-डी अशी ओळखीची नावं नसतात. तिथे लिहिलेलं असतं ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’, ‘पार्टिशन ३’. घाईत असलेल्या माणसाने चुकीच्या ओळीवर ‘डिलीट’ दाबायला एक सेकंद पुरतो.

तेव्हा दुरुस्ती की फॉरमॅट हा प्रश्न बाजूला ठेवू. तुमचं सामान आधी बाहेर काढायचं.

भाच्याला येताना दोन वस्तू आणायला सांगा. एक, लिनक्स (विंडोजऐवजी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली) चालणारा पेन ड्राइव्ह. उबंटू किंवा मिंट, कुठलंही चालेल, फुकट मिळतं. दुसरी, एक टीबीची नवी एक्स्टर्नल डिस्क. मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं आणि पहिला प्रश्न आला की ‘इन्स्टॉल’ म्हणायचं नाही, नुसतं ‘ट्राय’ म्हणायचं. मग विंडोज जागंच होत नाही. डिस्कवर काही लिहिलं जात नाही आणि लागेल तेवढंच वाचलं जातं. लिनक्स कधी कधी सांगेल की ही डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली आहे. विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं. घाबरू नका, आपल्याला तेच हवंय.

डिस्क काढून भाच्याच्या लॅपटॉपला लावायचाही मार्ग आहे, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही, वेगळ्या अडॅप्टरची जोडवायर लागते. आणि विंडोजमधून तुमचा फोल्डर उघडायला गेलं की ते ‘परवानगी नाही, कंटिन्यू करू का’ असं विचारतं. हो म्हटलं की हजारो फाइलींच्या परवानग्या त्या आजारी डिस्कवरच नव्याने लिहायला बसतं. लिनक्स अशा परवानग्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

कॉपी करायचा क्रम मात्र तुम्ही ठरवा, भाच्यावर सोडू नका. तरुण माणूस आधी ‘सगळं सिलेक्ट’ करतो, फोटोंचे शंभर जीबी सरकायला लागतात आणि सदतीस टक्क्यांवर डिस्क मान टाकते. आधी हस्तलिखित. त्याची फाइल छोटी असणार, दहा सेकंदांत येईल. मग टॅली. मग फोटो, तेही एकेक वर्षाचा फोल्डर. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जायचं.

कुठे काय लपलेलं असतं, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००७ च्या सुमाराला माझ्या काकांचं मशीन असंच अडलं. मी तेव्हा नवा नवा हुशार होतो. माय डॉक्युमेंट्स घेतलं, डेस्कटॉप घेतला, फोटो घेतले आणि फॉरमॅट मारला. काका शेतावरच्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी एका एक्सेलच्या फाइलीत करायचे. अकरा वर्षांचा पाऊस. ती फाइल त्यांनी थेट सी ड्राइव्हमध्ये ‘पाऊस’ नावाचा फोल्डर करून ठेवली होती, कुठल्याच शहाण्या जागी नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत, बाजारात जाऊन दोनशे पानी वही घेऊन आले. तेव्हापासून मी कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी मालकाला शेजारी बसवतो आणि विचारतो, ‘गेल्या महिन्यात काय काय उघडलंत ते सांगा.’ कुठे ठेवलंय ते कुणालाच आठवत नाही. काय उघडलं ते आठवतं.

तुमच्या बाबतीत तीन जागा मी सांगून ठेवतो. टॅलीचा डेटा तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीच्या नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डेटा’ असं बघा. आत नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील. तेच तुमच्या सोसायटीचे हिशेब. सगळे उचला. यजमानांना हेही विचारा की टॅलीचं लायसन्स कुठल्या ईमेलवर आहे. पुन्हा चालू करताना तोच पत्ता विचारतात.

दुसरी जागा फॉन्टची. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ म्हणून एक फोल्डर असतो, तो अख्खा कॉपी करा. तुमचं हस्तलिखित युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या प्रमाण अक्षरांत, नसलं, आणि श्रीलिपीतलं जुनं काम बहुधा नसतंच, तर फाइलीत मराठी अक्षरं मुळी नसतात. इंग्रजी चिन्हांना त्या फॉन्टने मराठी मुखवटे चढवलेले असतात. फॉन्ट गेला की २१२ पानं पुरती रोमन चिन्हांची खिचडी दिसते आणि माणूस ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून रडत बसतो. फाइल ठणठणीत असते. श्रीलिपीची सीडी आणि असलं तर मशीनच्या मागे लावलेलं ते छोटं कुलूप, डोंगल म्हणतात ते, आजच शोधून एका डब्यात ठेवा. अशी डोंगलं मशीनबरोबर भंगारात गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

तिसरी जागा ब्राउझर. क्रोममधले पासवर्ड फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये नेता येत नाहीत, ते जुन्या विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात. गुगलच्या खात्याने आत गेलेल्या असाल आणि सिंक चालू असेल तर आपोआप परत येतील. नसेल तर बँकेच्या साइटवर ‘पासवर्ड विसरलो’ करत बसावं लागेल. ते होईल, त्यासाठी डिस्कचा जीव घेऊ नका.

आणि डिस्क दिसलीच नाही, किंवा आवाज सतत यायला लागला, तर तिथेच थांबा. डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात, डिस्क उघडायची तर त्या धूळविरहित खोलीत उघडतात. खर्चिक काम आहे. २१२ पानांसाठी तेवढा खर्च करायचा की नाही हे तुम्हीच ठरवाल. पण तिथे नेण्याआधी दुकानात ‘जरा उघडून बघू’ झालेलं असेल तर त्यांच्याही हाती फारसं उरत नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या एकट्यापुरता तो वरच सुटत आला आहे, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांच्याही घरी हाच वाद असतो, म्हणून थोडं सविस्तर.

दुरुस्ती कधी करावी? डिस्क निरोगी असेल आणि काय बिघडलं ते माहीत असेल तेव्हा. अपडेट चालू असताना वीज गेली, नवा प्रिंटर टाकल्यावर त्रास सुरू झाला, एवढं एखादं कारण समोर दिसत असेल तर दुरुस्ती होते आणि छान होते. विंडोज स्वतःच्या फाइलींची एक शुद्ध प्रत एका कोठारात ठेवतं. ‘एसएफसी’ नावाची कमांड बिघडलेली फाइल या कोठारातल्या प्रतीवरून नीट करते. पण वीज गेल्यावर कोठारच बिघडलेलं असलं तर ती काय करणार? म्हणून आधी ‘डीआयएसएम’ची कमांड चालवायची, ती कोठार दुरुस्त करते, मग एसएफसी. बरेच जण उलट करतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. त्यानंतरची पायरी म्हणजे विंडोज चालू असतानाच त्यावर त्याच आवृत्तीचं सेटअप पुन्हा चालवायचं. फाइली राहतात, प्रोग्रॅमही राहतात, फक्त खालचा पाया नवा होतो. हा मार्ग आपल्याकडे फारसा वापरला जात नाही याचं मला नवल वाटतं. अट एकच, विंडोज उघडलं पाहिजे. उघडतच नसेल तर ‘रिसेट’ आहे. त्यात ‘माझ्या फाइली ठेवा’ निवडता येतं. पण मग प्रोग्रॅम सगळे जातात, म्हणजे टॅली आणि श्रीलिपी दोन्ही.

या सगळ्याला मी एक संध्याकाळ देतो. चहापासून जेवणापर्यंत. तेवढ्यात झालं तर झालं. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत, बोटं घालत बसणाऱ्यांपैकी मीही एके काळी होतो. त्यातून मशीन सुधारतं, पण सुधारलंय असा भरवसा येत नाही. पुढच्या प्रत्येक अडखळण्याला तुम्ही दचकता.

व्हायरस असेल तर मात्र संध्याकाळही द्यायची नाही. विशेषतः कुणीतरी ‘क्रॅक’, म्हणजे विकतचा प्रोग्रॅम फुकट चालवायची चोरवाट, घालून दिलेल्या मशीनमध्ये. ते चालवायला अँटीव्हायरस आधी बंद करायला सांगतात, त्या उघड्या दारातून आणखी काय काय आत आलं ते कुणी मोजलेलं नसतं. तिथे सरळ पुसा. आपल्या फाइली तेवढ्या घ्या, जुन्या सेटअपच्या फाइली घेऊ नका.

फॉरमॅटने काय सुधारत नाही तेही सांगून ठेवतो. रॅम, वीजपुरवठ्याचा डबा, वायर आणि डिस्क. इन्स्टॉल करतानाच मध्ये अडकलं, दर वेळी वेगळ्याच टक्क्यांवर, तर विंडोजला शिव्या देऊ नका. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवा. हसू नका, दुकानदार हेच करतात आणि पैसे घेतात. मशीनचं घड्याळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. तारीख चुकली की बँकेच्या साइट उघडत नाहीत आणि घरात ‘कॉम्प्युटरला व्हायरस झाला’ अशी वार्ता पसरते.

तुमच्यासाठी माझा निवाडा असा: दुरुस्तीही नाही आणि फॉरमॅटही नाही. नवी एसएसडी घ्या, म्हणजे तबकड्या न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क. पाचशे जीबीची पुरे. जुनी डिस्क मशीनमधून काढा, तिच्यावर तारीख लिहा आणि ती कपाटात ठेवा. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज घाला. यात पुसायचंच काही नाही. काही राहिलं असं दोन महिन्यांनी आठवलं तर जुनी डिस्क तशीच आहे, भाच्याने चुकीची ओळ दाबायचा प्रश्न नाही. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. मशीन तुम्हाला ओळखू येणार नाही. २०१६ च्या मशीनचा खरा संथपणा त्या फिरत्या डिस्कचाच असतो.

एक इशारा इथेच. एसएसडीवरचं पुसलं की बहुधा कायमचं जातं. फिरत्या डिस्कवर नुसता क्विक फॉरमॅट झाला तर आतलं बरंच परत काढता येतं. एसएसडीला मात्र विंडोज लगेच सांगतं की ही जागा आता नको, आणि ती स्वतःच साफ करून टाकते. फिरत्या डिस्कच्या काळातली ‘गेलं तरी रिकव्हर करू’ ही सवय नव्या डिस्कबरोबर सोडा.

विंडोज खरं असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो. इन्स्टॉल करताना ‘की नाही’ म्हणून पुढे जा, इंटरनेट लागलं की आपोआप चालू होतं. दुकानदाराने घालून दिलेलं कसलं होतं हे त्यालाच विचारा. तो इकडे तिकडे बघायला लागला तर उत्तर मिळालं. विंडोज ११ साठी मात्र हट्ट धरू नका. २०१६ चा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट मिळायची सोय आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती घ्या आणि त्या अवधीत नवं मशीन घ्यायचं की नाही ते यजमानांशी बोला. टॅली नसती तर मी सरळ लिनक्सवर जायला सांगितलं असतं. पण टॅली आणि श्रीलिपी दोन्ही विंडोजच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी तुम्हाला नवी कसरत शिकवायची माझी इच्छा नाही.

काम दुकानातच करून घ्यायचं ठरलं तर एका कागदावर ठळक अक्षरात ‘ही डिस्क फॉरमॅट करू नये, काढून परत द्यावी’ असं लिहून तो कागद कॅबिनेटला चिकटवा. तोंडी सांगू नका. काउंटरवरचा माणूस आणि आत स्क्रू फिरवणारा माणूस वेगळे असतात. आणि मशीन घरी आलं की इन्व्हर्टर असो-नसो, एक छोटा यूपीएस लावा. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, नीट बंद करायला तेवढी पुरेत. फाइल लिहिता लिहिता वीज गेली की अर्धी नवी, अर्धी जुनी अशी फाइल उरते. जूनमध्ये तुमच्या विंडोजचं बहुधा हेच झालं, आणि डिस्कलाही अशा झटक्यांचं भलं वाटत नाही.

हस्तलिखित हाती आलं की त्याची त्याच दिवशी पीडीएफ करा, ईमेलने स्वतःला पाठवा आणि एक छापील प्रत काढून घ्या. युनिकोडमध्ये रूपांतर सावकाश करा. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार इकडचे तिकडे होतात, ती पानं डोळ्यांनी तपासावी लागतील. बाईंना ते जड जाणार नाही, चाळीस-चाळीस वह्या तपासलेल्या आहेत.

भाच्याला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे ना, मग रविवारी सकाळीच ये आणि रात्रीचं जेवून जा.